निसटलेली पंचमी

माझी विहीण जर्मन आहे हे कऱ्हाडात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा पळून जाऊन लग्न मीच केलंय अशा नजरेने लोक माझ्याकडे बघायला लागले. आता लोकही दमले, मीही दमलो. बाईंचं नाव गुडरून. वयाने माझ्याबरोबरीच्या, उंचीने माझ्यापेक्षा वीतभर जास्त. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे एकमेकांचं छान समजतं. मी त्यांना विहीणबाई म्हणतो, त्या मला हेर भास्कर म्हणतात, म्हणजे श्रीयुत भास्कर.

मी संस्कृतचा मास्तर. निवृत्त झालो असं लोक म्हणतात, पण मास्तर कधी निवृत्त होतो होय? अजून बसमध्ये कुणी चुकीचा श्लोक म्हणाला की माझी मान आपोआप वळते. माझ्या वर्गात शब्दरूपं चुकली की छडी ठरलेली. आणि माझाच मुलगा वर्गात होता म्हणून त्याला सूट नव्हती. उलट बाकीच्यांना एक, प्रसन्नला दोन. मास्तरांनी घरच्याला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको. घरच्याला एक जास्त, हा माझा नियम साऱ्या शाळेला माहीत होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

तोच प्रसन्न आता स्टुटगार्टात गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काहीतरी काम करतो. बायको आंके, मुलगी इरा. आंके माझ्याशी मराठी बोलते, अगदी ‘अहो नाना, चहा घेता ना?’ म्हणण्यापर्यंत. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. ही गेल्यापासून मी दर वर्षी उन्हाळ्यात इकडे येतो. यंदा नातीबरोबर पाडवा करायचा म्हणून पहिल्यांदाच मार्चात आलो. नसतो आलो तर बरं झालं असतं, असं पुढे दोन दिवस मला पुष्कळदा वाटलं.

पाडवा झोकात झाला. बाल्कनीत गुढी उभारली, खालून जाणारा एक माणूस थांबून तिचा फोटो काढून गेला. कडुलिंबाचा पाला इथे कुठून आणणार? आंकेने इंडियन दुकानातून कडुलिंबाच्या कॅप्सूल आणल्या होत्या, त्या फोडून भुकटी गुळात कालवली. इराने ती जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला विष दिलंय. जेवायला विहीणबाई आल्या होत्या. क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि मग वाटी बाजूला सारून मला म्हणाल्या, “उद्या तुम्ही यायलाच हवं. उद्या वसंतसंपात.”

या बाई चर्चला जात नाहीत. झाडं, ऋतू, सूर्य यांना मानतात. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या दिवशी त्यांच्या बागेत सण असतो. ओस्तारा म्हणतात त्याला. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मनात म्हटलं, आमच्या विहीणबाई आमच्यापेक्षा जास्त वैदिक निघाल्या.

“येतो की,” मी म्हणालो.

“दर वर्षी प्रसन्न तुमचा मंत्र म्हणतो. यंदा मंत्राचे गुरूच हजर असतील.”

“माझा मंत्र?”

“वना-मंत्र. तुम्हीच शिकवलात ना त्याला? डीटरच्या झाडापाशीही त्यानेच म्हटला होता.”

डीटर म्हणजे त्यांचे यजमान, माझे व्याही. दोन वर्षांपूर्वी गेले. इथे जंगलात एक सोय आहे, माणसाची रक्षा झाडाच्या मुळाशी पुरतात. दगड नाही, चौथरा नाही, नुसतं झाड. तिथे माझ्या मुलाने मंत्र म्हटला हे ऐकून माझी छाती फुगली. समोर बघितलं तर प्रसन्न पाण्याचा जग घेऊन उठला होता. जग काठोकाठ भरलेला होता. मास्तर आहे मी, अशी पोरं मला लांबून ओळखू येतात.

विहीणबाई गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. तो भांडी मशीनमध्ये लावत होता.

“कुठला रे मंत्र?”

“नाना, आल्झो, तसं काही मोठं नाहीये.”

“तुझं जर्मन आल्झो-बिल्झो नको. कुठला मंत्र?”

त्याने एकच ताटली तीनदा या खाचेतून त्या खाचेत फिरवली. मग ताटलीकडेच बघत म्हणाला, “वनम् वने वनानि.”

मला क्षणभर वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघाड झाला. वनम् वने वनानि म्हणजे शब्दरूपं. वन या शब्दाची. एक वन, दोन वनं, पुष्कळ वनं. वनाने, वनासाठी, वनापासून, वनाचं, वनात. आठवीच्या पोरांकडून पाढ्यासारखी घोकून घेतात ती. त्यात ना देव, ना प्रार्थना. शुद्ध व्याकरण.

“पहिल्या वर्षी त्यांनी मला त्या गोलात उभं केलं,” तो म्हणाला. “आंकेशी लग्न ठरायचं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तुमच्याकडचं वसंताचं काहीतरी म्हण म्हणाले. माझं डोकं पार कोरं झालं. आरतीसुद्धा आठवेना. तोंड उघडलं आणि हेच बाहेर आलं. त्यांना आवडलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, नाना. मग मी कसं सांगणार?”

“आणि व्याह्यांच्या रक्षेपाशी? तिथेही हेच?”

“त्यांनी मागितलं. मी काय करू?”

मी खुर्चीवर बसलो. राग आला होताच, पण रागाच्या खाली जे होतं ते जास्त वाईट होतं. लाज वाटली मला. उभा जन्म ज्या भाषेची चाकरी केली ती माझ्या पोराने एका मेलेल्या माणसाला शेंडी लावायला वापरली. आणि ती बिचारी बाई माझ्या हातचं श्रीखंड खाऊन मला गुरू म्हणून गेली. कऱ्हाडात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“लाज नाही वाटली तुला?” मी विचारलं.

“वाटते. दर वर्षी वाटते.” त्याने मशीनचं दार लावलं. “उद्या फक्त गप्प राहा. त्यांना कळलं ना, तर त्यांच्या मनात डीटरचं जे आहे तेच मोडेल. प्लीज.”

मलाही ते पटलं. माझ्या अब्रूपेक्षा त्या बाईचं दुःख मोठं होतं, एवढी अक्कल मला आहे. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” मी म्हणालो. “नाही उघडणार मी तोंड.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. प्रसन्न ऑफिसातून लवकर आला आणि आम्ही सगळे विहीणबाईंच्या बागेत गेलो. शहराच्या कडेला डोंगरउतारावर तो तुकडा आहे, चार-पाच सफरचंदाची झाडं आणि एक लाकडी खोपटं. इथले लोक त्याला श्टुकले म्हणतात. खाली सगळं गाव पसरलेलं, मधून लाल एस-बान, इथली लोकल, सरपटत जाते. झाडांवर अजून पान नव्हतं, पण गवतात पिवळी फुलं आली होती. हवा अशी की उन्हात उभं राहावं तर स्वेटर नको आणि सावलीत जावं तर दोन हवेत.

विहीणबाईंच्या मैत्रिणी आणि त्यांचे नवरे आले होते, सगळे माझ्या वयाचे, गुडघे धरून चढ चढणारे. लांब टेबलावर जेवण मांडलेलं होतं. वेणीसारखा विणलेला गोड पाव, कोवळे लाल मुळे, मीठ लावलेलं लोणी, आणि चुलीवर रानलसणाचं हिरवंगार सूप. हिवाळा सरला की जंगलात आधी उगवतो तो हा लसूण. हातालाही त्याचा वास दिवसभर राहतो. कांद्याच्या सालीत उकडून तांबडी केलेली अंडी टोपलीत होती. मी अंडं खात नाही हे विहीणबाईंना ठाऊक आहे. त्यांनी तरीही एक कागदी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

“खायला नाही, द्यायला,” त्या म्हणाल्या. “ज्याला द्यावंसं वाटेल त्याच्या तळहातावर ठेवायचं. बोलायचं काही नाही. आमच्या घरची रीत आहे.”

मी ते कोटाच्या खिशात टाकलं. इरा समोरच होती. एका म्हातारबाबांनी तिच्या पुढ्यात उभं राहून अंडं काढलं तेव्हा तिने दोन्ही हात झोळीसारखे पुढे केले आणि डोळे मोठ्ठे करून त्यांच्या हाताकडे बघत राहिली. ही पोर असंच सगळं घेते, जसं काही जग तिला द्यायलाच बसलंय. मला बरं वाटलं ते बघून.

मग सगळे चुलीभोवती गोल उभे राहिले. विहीणबाईंनी चारी दिशांना तोंड करून काहीतरी म्हटलं, प्रत्येक दिशेला थोडं पाणी शिंपडलं. मला जर्मन फारसं कळत नाही, पण पूजा कळते. त्यांची नीट होती, घाई नव्हती. मला पूर्वेच्या जागी उभं केलं होतं, माझा मान म्हणून. सगळे माझ्याकडे बघून मान लववत होते आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. काय म्हणून हा मान? शब्दरूपांचे गुरू म्हणून?

विहीणबाईंनी प्रसन्नकडे बघितलं. तो एक पाऊल पुढे झाला, डोळे मिटले आणि सुरू झाला.

“वनम् वने वनानि. वनम् वने वनानि. वनेन वनाभ्याम् वनैः.”

खोटं कशाला बोलू, आवाज चांगला लागला होता. एकेक शब्द सुटा, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. गोलातली एक बाई डोळे पुसत होती. अर्थ माहीत नसता तर मीही हात जोडले असते. माझी लाज थोडी सैल झाली. म्हटलं, खोटं का असेना, शुद्ध तरी आहे.

“वनाय वनाभ्याम् वनेभ्यः,” प्रसन्न म्हणाला. चतुर्थी झाली. मग तो अडला. त्याचा उजवा हात मांडीजवळ होता, त्याची मूठ वळली आणि हात पाठीमागे गेला. पुढे म्हणाला, “वनस्य वनयोः वनानाम्.”

“पंचमी!”

कुणीतरी ओरडलं. ते मीच होतो हे मला कळायला वेळ लागला. नुसतं ओरडलो नाही, एक पाऊल पुढे टाकलं होतं आणि उजवा हात वर केला होता. “वनात् वनाभ्याम् वनेभ्यः. पंचमी कोण म्हणणार? कितीदा सांगायचं?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. प्रसन्नने डोळे उघडले होते, पण माझ्याकडे बघत नव्हता, गवताकडे बघत होता. त्याचा हात अजून पाठीमागेच होता. इरा आईला विचारत होती, “वारुम श्राइट ओपा?” आजोबा का ओरडतायत. आंकेने तिला जवळ ओढलं.

झालं. माझ्यापायीच मूठ उघडली, असं मला वाटलं. काल पोराची लाज काढली आणि आज मीच सगळ्यांदेखत घोळ घातला. मी हात खाली घेतला. पण विहीणबाई शांतपणे आभार मानत म्हणाल्या, “डांके, हेर भास्कर,” आणि प्रसन्नला मानेने खुणावलं. त्याने पंचमी म्हटली. घशातल्या घशात म्हटली, मग षष्ठी, सप्तमी, संबोधन उरकलं आणि तो टेबलाकडे पाव कापायला गेला. पाठमोरा उभा राहून कापत राहिला, संपल्यावरही.

मी खोपट्याच्या पायरीवर बसलो. पुढ्यात सुपाची वाटी होती, ती तशीच निवत होती. विहीणबाई आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या.

“सिल्वा, सिल्वे, सिल्वे, सिल्वाम,” त्या म्हणाल्या.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

“लॅटिन. सिल्वा म्हणजे वन. शाळेत आम्हालाही घोकायला लावायचे. पहिल्याच वर्षी मला कळलं होतं. डीटरलाही. घरी जाताना तो गाडी थांबवून हसला होता.”

“मग तुमच्या डोळ्यांत पाणी?”

“हसू दाबताना येतं ते.” त्या किंचित हसल्या आणि मग हसू गेलं. “तुमचा मुलगा त्या दिवशी फार घाबरला होता. घाबरल्यावर माणसं खोटं बोलतात, पळून जातात. हा वनाची सगळी रूपं म्हणाला. डीटर म्हणाला, यापेक्षा चांगली प्रार्थना आपल्याला तरी कुठे येते? मरायच्या आधी त्यानेच सांगितलं, माझ्या झाडापाशी प्रसन्नने वन म्हणायचं.”

जे लपवण्यासाठी आम्ही बापलेक काल रात्रीपासून घामाघूम झालो होतो ते त्यांना ठाऊकच होतं. आणि इतकी वर्षं त्यांनी ते पोराला कळू दिलं नव्हतं.

“त्याला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “उगाच शरमेल. शरमायला लावून माणसाला काय मिळतं?”

मी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “एकच गोष्ट कळत नाही. दर वर्षी तो त्याच जागी अडतो. हात मागे घेतो. ती ओळ गाळतो. फार अवघड आहे का ती?”

“नाही,” मी म्हणालो. “सगळ्यांत सोपी आहे. चतुर्थीसारखीच. पहिला शब्द तेवढा वेगळा. म्हणून तर निसटते.”

“मग?” त्या म्हणाल्या. “डीटर म्हणायचा, त्या ओळीत कुणीतरी उभं आहे. प्रसन्नला दिसतं, म्हणून तो वळसा घालून जातो.”

त्या उठल्या आणि सूप गरम करायला वाटी घेऊन गेल्या. त्यांनी उत्तर मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो, व्याकरणाचा एखादा नियम सांगितला असता. मला नियम पुष्कळ येतात.

छडीच्या दिवशी रात्री ही, त्याची आई, त्याच्या तळहाताला तूप चोळायची. मी जेवत असायचो आणि ही देवघराजवळ त्याला घेऊन बसायची, दिव्याच्या उजेडात. मी बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो. दोघंही मला काही बोलत नसत. मला वाटायचं, बोलत नाहीत म्हणजे पटलं असणार. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं, त्या पायरीवर बसेपर्यंत.

उन्हं उतरायला लागली. लोक एकमेकांना अंडी देत होते, काही बोलत नव्हते. माझ्या खिशातलं अंडं खिशातच होतं. प्रसन्न टेबलापाशी एकटा होता, चुरा गोळा करत होता. केस कानाजवळ पांढरे झालेत त्याचे, ते मी तेव्हा बघितलं. मी उठलो. माफी मागायचं मला येत नाही, आमच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही, पण ही रीत मला जमण्यासारखी होती. बोलायचं नाही, नुसतं ठेवायचं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. रुमाल सोडवून अंडं उजव्या हातात घेतलं. बोलायचं नसतं हे माहीत होतं, पण जिभेला जन्माचं वळण पडलेलं.

“प्रसन्न,” मी म्हणालो, “हात पुढे कर.”

शब्द बाहेर पडले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. वर्गातला. तो सुरी खाली ठेवून वळला. उजवा हात पुढे आला, तळवा वर, बोटं ताठ, अंगठा आत मुडपलेला, म्हणजे लागत नाही. आणि त्याने डोळे मिटले. लग्न झालेला, पोरीचा बाप असलेला माणूस डोळे मिटून माझ्यासमोर उभा राहिला.

मी अंडं हळूच त्याच्या तळव्यावर ठेवलं. खिशात राहून ते कोमट झालं होतं. त्याची बोटं त्याच्याभोवती वळली, पण डोळे उघडले नाहीत. मी वाट बघितली. तो तसाच उभा होता, ओठ घट्ट मिटून, आणि मग त्याचा डावा हातही तसाच पुढे आला.

घरच्याला एक जास्त, हा नियम माझाच होता.